मोरीची घाण कुणाच्या बापाची?

या अंकाचं संपादकीय मोरीवर आहे. स्वैपाकघरातल्या सिंकवर, त्याच्याखालच्या पाईपवर, आणि त्या पाईपात साचलेल्या काळ्या मेणचट गाळावर. ज्यांना संपादकीयात फक्त क्रांती, रक्त आणि सूर्य लागतो त्यांनी नाक दाबून वाचावं. पण वाचावं. कारण या देशातली जातिव्यवस्था जेवढी पोथीत आहे तेवढीच ती पाईपात आहे. पोथी जाळता येते. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला ती जाळली. पाईप जाळून भागत नाही, तो उघडावा लागतो. आणि तो कुणी उघडायचा, हाच तर प्रश्न आहे.

नेरे घ्या. माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी नदी पनवेलकडे जाते, खाडीला मिळते. तिच्या खोऱ्यातलं हे भातशेतीचं गाव. वरच्या अंगाला ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या. २०१३ साली सिडकोला विमानतळाभोवतीच्या 'नैना' पट्ट्याचं नियोजन दिलं आणि नेऱ्याच्या शेतजमिनीवर आकाशातून भाव पडला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. आता बांधावर बिल्डिंगा आहेत. खाचरात जिने उगवले. माणसं आली, सिंक आले, गॅलरीत झोपाळे आले. जाहिरातीत डोंगर, हिरवळ, पोहायचा तलाव दाखवतात. सांडपाणी कुठे जाणार, ते जाहिरातीत नसतं. ते विचारायला लाज वाटते म्हणे. आम्हाला नाही वाटत.

जुन्या कोकणी घरात मोरी होती. दगडाची, एका कोपऱ्यात. तिचं पाणी भिंतीतल्या भोकातून परसात जायचं. तिथं केळ असायची, अळू असायचं. भांडी राखेनं घासायची. राखेत खार असतो, तो तेलाला धरतो आणि त्याचा साबण होतो. उरलेलं पाणी केळीनं प्यायचं. ही व्यवस्था चांगली होती. पण म्हणून 'जुनं गाव किती छान' असं गाणं आम्ही गाणार नाही. त्याच गावात केळ ज्याच्या परसात होती तो गावकुसाच्या आत होता. कुसाच्या बाहेर जे होते त्यांना परस नव्हतं आणि पाणीही नव्हतं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हंजे आपल्याच जिल्ह्यात, २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं एक ओंजळभर पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. नंतर तळं बाटलं म्हणून शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते 'शुद्ध' केलं. जनावराच्या विष्ठेनं पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या हातानं बाटतं. ज्या डोक्यातून हा हिशेब निघाला त्याच डोक्यातून आजचा चेंबरचा हिशेब निघालाय. बाकी काही बदललं असेल, ते डोकं बदललेलं नाही.

आता पाईपकडे या.

सिंकचं पाणी तुंबतं म्हंजे काय होतं? पाण्यानं कधी पाईप तुंबत नाही. तुंबवते ती चरबी. आपल्याकडे स्वस्तात मिळतं ते पामतेल किंवा वनस्पती तूप. कढईत ते पातळ असतं, थंड झालं की गोठतं. कढई गरम पाण्यानं धुतली की ते वितळून खाली जातं, आणि वीतभर खाली, थंड पाईपात, पुन्हा गोठतं. त्यावर चहाचा चोथा बसतो, भाताची शितं बसतात, कांद्याची साल, केस, भांड्याच्या घासणीचे तार. बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी जड असलं तर त्यातला चुना तेलाशी आणि साबणाशी मिळून न विरघळणारा खडू तयार होतो. रोज कागदाच्या जाडीएवढा एक थर. वर्षभरात सव्वा इंची पाईपात बोट जाईल एवढंच भोक उरतं. मग एका रविवारी, पाहुणे जेवायला असताना, सिंक उलटी करतो. घरातले दचकतात. एवढी घाण आली कुठून? बाहेरून आली नाही, बाबा. तुझ्याच ताटातली आहे. तू जेवलास, ती ती आहे.

त्या सिंकखाली एक डबी असते. प्लंबर तिला बॉटल ट्रॅप म्हणतो. काही ठिकाणी नुसता वाकवलेला पाईप असतो. त्या वाकात नेहमी दोन-तीन इंच पाणी उभं राहतं. ते तिथं मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या पाण्याच्या पडद्यामुळे खालच्या गटाराचा वास, वायू, झुरळं स्वैपाकघरात येत नाहीत. वरून पाणी खाली जाऊ शकतं, खालचा वास वर येऊ शकत नाही. युक्ती चांगली आहे, आमची तक्रार नाही. पण गंमत बघा. या समाजानं माणसांच्या बाबतीतही नेमकी हीच फिटिंग करून ठेवली आहे. वरची घाण खाली बिनदिक्कत सोडायची. खालचा माणूस, त्याचा वास, त्याचा आवाज, त्याचा मृत्यू वर येता कामा नये. मध्ये पाण्याचा पडदा. कुणी त्याला संस्कृती म्हणतं, कुणी सोसायटीचे नियम म्हणतं.

आणि म्हणून सिंक तुंबला तर बोंब होते, माणूस गुदमरला तर होत नाही.

डिसेंबर २०१९, गोवंडी. एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं सरकारला दहा-दहा लाख द्यायला सांगितलं. एप्रिल २०२४, विरार. एका मोठ्या वसाहतीच्या खासगी सांडपाणी केंद्रात चार कामगार मेले. गोवंडी, विरार काही रानात नाहीत. तिथंही सिंक आहेत, झोपाळे आहेत, शांतता आहे. नेऱ्यातल्या बिल्डिंगांचं भविष्य बघायचं असेल तर ज्योतिषाकडे जाऊ नका, विरारला जा.

एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार माणसं का मरतात, हे कधी कुणी तुम्हाला सांगितलं? शाळेच्या पुस्तकात हे नाही. बंद टाकीत अन्न, चरबी, मैला हवेशिवाय सडतो. त्यातून हायड्रोजन सल्फाईड निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. थोडा असला तर कुजक्या अंड्याचा वास येतो. वाढला, हवेच्या दहा लाख भागांत शंभरएक भाग झाला, की नाकच मरतं. वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. तो खाली उतरतो. आणखी वाढलेला असेल तर दोन-चार श्वासांत कोसळतो. वरचा बघतो, आपला भाऊ पडला. तो धावत उतरतो. मग तिसरा. ही माणसं अडाणीपणानं मरत नाहीत. एकमेकांना वाचवायला जाऊन मरतात. ज्यांच्या घाणीत ती मरतात ते वरून मोबाईलवर फोटो काढतात.

या सेप्टिक टाकीतला मैला संडासातला, पण तिच्यावर जो जाड तेलकट साईसारखा थर तरंगतो तो बराचसा स्वैपाकघरातून आलेला असतो. तो थर टाकीचं तोंड बंद करतो, पुढचा पाईप बंद करतो, आणि 'माणूस बोलवा' अशी वेळ आणतो. म्हंजे तू कढईतलं तेल सिंकमध्ये ओततोस ते तुझ्या आणि सिंकच्या मधलं खासगी प्रकरण नाही. त्या तेलाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे. त्याची जात बहुतेक वेळा ठरलेली आहे.

ठरलेली आहे असं आम्ही रागानं म्हणत नाही. सरकारचेच आकडे आहेत. गटार आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची 'नमस्ते' नावाच्या योजनेत मोजणी झाली. २०२४ च्या अखेरीस संसदेत सांगितलं गेलं की पडताळलेल्या ५४,५७४ कामगारांत ३७,०६० अनुसूचित जातीचे आहेत. शंभरातले अडुसष्ट. उरलेल्यांतही बहुतेक ओबीसी आणि आदिवासी. खुल्या प्रवर्गातले शंभरात आठ. गुणवत्तेचा एवढा पुळका असणाऱ्यांनी या खात्यात कधी गुणवत्ता मागितली नाही. इथल्या आरक्षणाविरुद्ध एकही मोर्चा निघाला नाही. मेडिकलची एक सीट गेली म्हणून रस्त्यावर बूटपॉलिश करायला बसणारे, गटारात सीट गेली म्हणून कधी रडले नाहीत.

याच संसदेत २०२१ साली एक चमत्कार झाला. फेब्रुवारीत सरकारनं सांगितलं की पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. जुलैत त्याच सरकारनं राज्यसभेत सांगितलं की हातानं मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू नोंदलेला नाही. दोन्ही उत्तरं सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री रामदास आठवले यांची. एकेकाळचे पँथर. युक्ती अशी: कायद्यात 'हातानं मैला उचलणं' वेगळं आणि 'गटाराची धोकादायक सफाई' वेगळी. शब्द वेगळा केला की मढं नाहीसं होतं. १९७२ साली ज्या पोरांनी पँथर काढली त्यांनी शब्दांना दात लावले होते. २०२१ ला त्या शब्दांचे दात काढून कवळी बसवली. त्यानंतरही मरणं थांबली नाहीत. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ मेले, हेही संसदेतलंच उत्तर.

कायदा नाही असं नाही. कायदे आहेत, दोन आहेत. १९९३ चा एक, २०१३ चा दुसरा. दुसरा अमलात आला ती तारीख ६ डिसेंबर २०१३. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. त्याचं सातवं कलम नीट वाचा. कुणाही व्यक्तीनं, स्थानिक संस्थेनं किंवा एजन्सीनं गटाराच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायचा नाही. थेट नाही आणि आडूनही नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षं, पाच लाख. 'कुणाही व्यक्तीनं' यात सोसायटीचा सेक्रेटरी येतो, बंगलेवाला येतो, ग्रामपंचायत येते, ठेकेदार येतो. पण 'धोकादायक' म्हंजे साधनं न देता केलेली सफाई, अशी पळवाट त्याच कायद्यात आहे. मग ठेकेदार रबराचे हातमोजे फेकतो आणि साधनं दिली म्हणतो. हातमोज्यानं श्वास घेता येतो काय?

न्यायालयंही बोलली. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूला दहा लाख द्या म्हटलं. २० ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केले. जानेवारी २०२५ मध्ये सहा महानगरांत माणूस गटारात उतरवायला बंदी घातली. त्यात मुंबई आहे. पनवेल नाही. नेरे तर नाहीच. अर्थात २०१३ चा कायदा सगळ्या देशाला आहे, नेऱ्यालाही आहे. पण मढ्याचा भाव दहाचा तीस झाला यावर समाधान मानणारी पिढी आम्हाला नको. आम्हाला तीस लाख नकोत, तीस लाख वाचवणारं यंत्र हवं. आणि त्याहून आधी, टाकीत घाण सोडताना थरथरणारा हात हवा.

आता आपल्या घरातलं बोलू. बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं.

आपल्यातले काही शिकले, नोकरीला लागले, फ्लॅटवाले झाले. चांगलं झालं, त्यासाठीच तर बापजाद्यांनी हाडं झिजवली. मेलेली ढोरं ओढणं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि गावोगाव आपल्या लोकांनी ते सोडलं. बहिष्कार सोसला, मार खाल्ला, पण सोडलं. त्या नकारावर आपली आजची इज्जत उभी आहे. पण त्या फ्लॅटमध्ये भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली बुद्धमूर्ती, आणि सिंक तुंबला की फोन : 'अरे, तो मेहतर पाठव जरा.' कधी मेहतर, कधी मातंग, कधी वरच्या वाडीचा कातकरी. 'पाठव जरा' हे शब्द कुणाचे? पाटलाचे. आपण पाटलाची जमीन घेऊ शकलो नाही, त्याची भाषा मात्र घेतली.

मुंबईत मैल्याचं काम मेहतर, वाल्मीकी, मेघवाळ, रुखी यांच्या वाट्याला, कचऱ्याच्या गाड्या महार-मांगांच्या वाट्याला, अशी वाटणी इंग्रजांच्या काळापासून पडत गेली. मुंबईच्या म्युनिसिपालटीनं मैला उचलण्यासाठी 'हलालखोर कर' लावला होता. शब्दातच जात होती, पावतीवर छापून यायची. दलित म्हणून एक आहोत असं आपण व्यासपीठावर म्हणतो. गटाराच्या तोंडाशी गेलं की कळतं, किती एक आहोत ते. एक जण उतरतो, दुसरा दोर धरतो, तिसरा म्हणतो आम्ही हे केव्हाच सोडलं. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. ती उतरंड आपल्या घरात असेल तर ती आपणच फोडायची.

इथं एक प्रश्न आपल्या बैठकांत नेहमी निघतो. त्याला बगल द्यायची नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींवर महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. काही मित्र म्हणतात, ही जात सरकारी शिक्क्यानं पुढच्या पिढीला देणं आहे, बंद करा. झाडूवाल्या घरातली आई म्हणते, बंद करून देणार काय? कायम नोकरी, पगार, खोली जाईल आणि पोरगं ठेकेदाराच्या हाताखाली तेच गटार निम्म्या पैशात उपसेल. आई बरोबर बोलते. ठेकेदारीत काय होतं ते मुंबईच्या कचरा कामगारांना विचारा. सुमारे २,७०० कामगारांना कायम करा हा शब्द सर्वोच्च न्यायालयातून मिळवायला २०१७ साल उजाडलं, त्याआधी वर्षानुवर्षं लढावं लागलं.

मग आपली भूमिका काय? वारसाची नोकरी आज काढून घ्यायची नाही. पण वारशात झाडू द्यायचा नाही. वारसाला नोकरी द्या, त्याच्या शिक्षणाप्रमाणे द्या. कारकून होईल, फिटर होईल, ड्रायव्हर होईल. आणि गटाराचं काम यंत्राचं करा, त्याला परवाना ठेवा, प्रशिक्षण ठेवा, धोक्याचा भरपूर पगार ठेवा, आणि ते सगळ्या जातींना खुलं करा. ज्या दिवशी त्या जागेच्या मुलाखतीला जोशी-पाटील रांगेत उभे राहतील त्या दिवशी समजा की पगार बरोबर ठरला.

तोवर काय करायचं? घरापासून सुरुवात करायची. आणि घर म्हंजे आई नव्हे. आपल्या चळवळीतली पोरं रात्री दोन वाजेपर्यंत व्यवस्था बदलायच्या गप्पा मारतात, चहाचे कप सिंकमध्ये टाकून झोपतात. सकाळी आई, नाहीतर बायको, त्या कपांवर वाकते. जगातलं पहिलं गटार घरातल्या बाईच्या हाताखाली असतं. त्यामुळे पुढचं सगळं पुरुष कार्यकर्त्यांना उद्देशून आहे. लिहून घ्या.

ताट-कढई धुण्याआधी पुसून घ्या. जुन्या कागदानं पुसा, राखेनं पुसा, चपातीच्या तुकड्यानं पुसा. उरलेलं तळणाचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, बाटलीत भरून ठेवायचं. सिंकच्या भोकावर जाळी बसवा, दहावीस रुपयांत मिळते. खरकटं ओल्या कचऱ्यात. एवढं केलं तर पाईप वर्षानुवर्षं तुंबत नाही. क्रांतीला वेळ लागेल, याला दोन मिनिटं लागतात.

तुंबलाच तर आधी रबरी पंप लावा. सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा, दुसरं भोक असेल तर ओल्या फडक्यानं दाबा, आणि पंप दहावीस वेळा खालीवर करा. नाही सुटलं तर खाली बादली ठेवा आणि बॉटल ट्रॅपची डबी हातानं फिरवून उघडा. प्लास्टिकची असेल तर पान्हा लागत नाही, हात लागतो. जो गाळ पडेल तो बघा. वास घ्या. तुमचाच आहे. तो बादलीतून परत दुसऱ्या नळीत टाकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. डबी धुवा, वायसर जागेवर आहे ना बघा, परत लावा, पाणी सोडून गळतंय का तपासा. पुढच्या पाईपात अडकलं असेल तर तारेची स्प्रिंग घाला. साबणाचं कडक पाणी ओता, पण उकळतं नको, प्लास्टिकचा पाईप वाकतो.

ॲसिड ओतू नका. हे नीट ऐका. दुकानात दोन पुड्या मिळतात, एक कॉस्टिक सोड्याची, दुसरी बाटली ॲसिडची. कॉस्टिक चरबीचा साबण करतं खरं, पण अर्धवट झालं तर त्याचाच दगड होतो आणि पाईप कायमचा बसतो. त्यावर कुणी ॲसिड ओतलं तर पाणी उसळून तोंडावर येतं. ॲसिडमध्ये भांडी-फरशीचं ब्लीच पडलं तर क्लोरीन निघतो. कुजलेल्या गाळावर ॲसिड पडलं तर तोच हायड्रोजन सल्फाईड, ज्यानं गोवंडी-विरारसारख्या टाक्यांत माणूस पडतो. आणि मुख्य म्हंजे, तू बाटली ओतून मोकळा होतोस. दुसऱ्या दिवशी तो पाईप खोलायला जो येतो त्याच्या हातावर, डोळ्यावर ते सांडतं. त्याला कुणी सांगत नाही की वर काय ओतलंय. प्लंबर आला तर आधी सांगायचं, काय ओतलं, किती ओतलं. हे सांगणं उपकार नाही, त्याचा हक्क आहे. त्याला चहा घरच्या कपात द्यायचा, हेही आम्ही लिहावं लागतं यातच सगळं आलं.

घराच्या भिंतीबाहेर गेलं की मात्र एकट्याचं काम संपलं. तिथं यंत्र पाहिजे आणि कायदा पाहिजे. कुणी म्हणेल, गांधी स्वतः संडास साफ करायचे, गाडगेबाबा स्वतः झाडू मारायचे, तुम्ही पण तेच सांगता. नाही. गाडगेबाबांबद्दल आम्हाला आदर आहे, ते झाडू हातात घेऊन रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायचे. सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छतेची स्पर्धा काढली, झाडू घेतला आणि कीर्तन टाकून दिलं. आणि सेवा, त्याग, पुण्य या शब्दांनी तर आमच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या गटारात ठेवलं. मैला साफ करणं पुण्य असेल तर ते तुम्हीच कमवा, आमचं भरपूर साठलंय. आम्ही घरातला पाईप साफ करा म्हणतो ते पुण्यासाठी नाही. घाण कुणाची आहे त्याचा हिशेब लागावा म्हणून म्हणतो.

हिशेबच करू. शहरी मापानं माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हंजे १०८ लिटर. चार माणसांच्या घराचे ४३२ लिटर. दोनशे फ्लॅटच्या एका वसाहतीचे रोजचे ८६,४०० लिटर. गावाला 'जलजीवन'च्या मापानं माणशी ५५ लिटर नळाचं पाणी देतात, तेही आलं तर. कातकरी वाडीवर उन्हाळ्यात बाई हंडा घेऊन चालते आणि खाली रोज हजारो लिटर साबण-तेलाचं पाणी नाल्याकडे चालतं. नाला गाढीकडे जातो. नदीला जात नाही असं म्हणतात. पण नदीच्या वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हे ठरवणाऱ्याला असते.

आणि हेच नेरे, जिथल्या शांतिवनात कुष्ठरोग्यांना आसरा मिळाला. ज्यांना घरच्यांनी शिवायचं सोडलं त्यांना या मातीनं जागा दिली. स्पर्शाची भीती खोटी असते हे नेऱ्याला इतर गावांपेक्षा आधी कळायला हवं. त्याच मातीत नवी अस्पृश्यता चेंबरच्या झाकणाखाली पुरू द्यायची नाही.

म्हणून नेऱ्यातल्या आणि आसपासच्या पोरांनी हे करावं. एक : प्रत्येक वसाहतीच्या कमिटीला लेखी विचारा, तुमचं सांडपाणी केंद्र चालू आहे का, सेप्टिक टाकी कोण उपसतं, कोणत्या यंत्रानं, कोणत्या दरानं. तोंडी उत्तर घेऊ नका. दोन : ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत ठराव मांडा की पंचायतीच्या हद्दीत माणूस टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरणार नाही, मैला उपसणारा टँकर आणि जेटिंगचं यंत्र यांचीच सोय होईल. सिडकोलाही तेच पत्र. तीन : जुन्या घरांना, वाड्यांना शोषखड्डे आणि परसबाग मिळालीच पाहिजे, पहिल्यांदा गावकुसाबाहेरच्यांना. चार : कुणी माणूस उतरवताना दिसला तर फोटो काढत बसू नका. काम थांबवा, झाकण उघडं ठेवून त्याला लांब घ्या, पोलिसांत २०१३ च्या कायद्याचं नाव घेऊन तक्रार द्या. कुणी आत पडलेलाच असेल तर मागोमाग उडी मारू नका. अग्निशामक दलाला बोलवा. आपल्याला हुतात्मे पुष्कळ झाले.

पाच : आपली पोरं, मग ती बौद्ध असोत, मातंग असोत, मेहतर असोत, कातकरी असोत, कुणीही, कितीही पैसे दिले तरी, टाकीत उतरणार नाहीत. त्या दिवसाची मजुरी बुडेल. ती बुडालेली मजुरी चळवळीनं वर्गणी काढून भरायची. ढोरं ओढणं सोडलं तेव्हा आपल्या आज्यांनी उपाशी राहून ते निभावलं. आज एवढ्या पगारदारांच्या खिशातून दोनशे रुपये निघत नसतील तर जयंतीचा डीजे बंद करा आणि ते पैसे इकडे वळवा.

सिंक तुंबेल. चेंबर भरेल. टाक्या काठोकाठ येतील. वास वर जाईल, पाण्याचा पडदा फोडून स्वैपाकघरात शिरेल. शिरू दे. ज्याची घाण त्याच्या नाकाशी गेल्याशिवाय यंत्र विकत आणायची अक्कल येत नाही, हा या देशाचा अनुभव आहे. आपण फक्त एवढंच करायचं : आपल्या घरातला पाईप आपल्या हातानं खोलायचा, आणि दुसऱ्याच्या टाकीत आपला माणूस जाऊ द्यायचा नाही.

पुढच्या अंकात, तुमच्या वसाहतीनं लेखी काय उत्तर दिलं ते छापू. पाठवा.

जय भीम.